नळाचं लगीन

"होळीच्या आत पाड्यात नळ नाय आणला, तर लहानी हे नाव टाकीन नि मोठी म्हणवून घेईन!"

लहानीने हे विहिरीच्या काठावर, डोक्यावर भरला हंडा असताना जाहीर केलं. म्हणजे माघार नाहीच! कारणही तसंच होतं. तिच्या पोराला, भगीरथला टोकावड्याकडच्या नथूची रुपाली पसंत होती, रुपालीला भगीरथ पसंत होता, आणि नथूला डोळखांबच्या डोंगरातली ती खोल उतारावरची विहीर अजिबात पसंत नव्हती.

"आमच्या पाड्यातबी विहीरच हाय," नथू म्हणाला होता. "माझ्या बायकोचा जल्म हंड्याखाली गेला. पोरीचा नाय घालवायचा. नळ आला की या."

नळ येणारही होता. पंचायतीच्या टाकीपासून पाड्यापर्यंत पाइप टाकायला सरकार तयार होतं. फक्त खर्चाचा दहावा हिस्सा पाड्याने वर्गणी काढून भरायचा. आता वर्गणी म्हटलं की आमचा माणूस एकदम विचारी होतो! बुधू म्हणाला, "आधी दामू देऊ दे." दामू म्हणाला, "आधी पाणी येऊ दे." गुणाबाई म्हणाली, "मी एकटी बाई पाणी ते किती पिते गो?"

महिनाभर दारोदार फिरून लहानीच्या पदरात काय पडलं, तर चहा. शेवटी एकदाचा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वर्गणी कोणी देत नाही, पण आहेर? कर्ण्यावरून नाव पुकारणार म्हटल्यावर लोक उसने आणून आहेर करतात!

"आपल्या विहिरीचं नि नळाचं लगीन लावू," तिने मंगळूला सांगितलं. मंगळूकडे कर्णा होता, आणि कर्णा वाजवायला निमित्त मिळालं की हा गडी जेवणसुद्धा विसरायचा.

लहानीने शहापूरहून पितळी तोटी आणली, मुंडावळ्या बांधून पाटावर बसवली. मंगळू डोळखांबच्या बाजारात ओरडत फिरला, "लहानीबायच्या दारात लगीन! सगल्यांनी आहेर घेऊन यावं!" कोणाचं लगीन, तेवढं सांगायचं राहून गेलं.

व्हायचं तेच झालं. ऐन लग्नाच्या दिवशी मांडवासमोर नथूची भाड्याची जीप करकचून थांबली. मागे रुपाली, रडून डोळे लाल! नथूने समोर दिसलेल्या मंगळूचीच गचांडी धरली.

"नवरी कोण हाय?"

"आपल्या पाड्याचीच की!"

"माझ्या पोरीपेक्षा चांगली?"

"ते कसं सांगू? पण गोड हाय. खारटपणा अजिबात नाय."

"वय काय तिचं?"

"माझ्या आज्यानं पायलेली."

नथू मटकन खाली बसला. "म्हातारी?"

"उन्हाळ्यात आटते जराशी. पण पावसात अशी भरते, काठावर बसून हात बुडवावा!"

"काठावर?" रुपालीने डोळे पुसत विचारलं, आणि पाटावरची मुंडावळ्या बांधलेली तोटी बघून ती खो खो हसायला लागली.

नथूची अब्रू मात्र जीपच्या धुळीत मिळाली होती. ती उचलायला तो खाकरून म्हणाला, "ते ठीक. पण देज कोण देणार?"

आमच्या पाड्यांची रीत अशी, की मुलीसाठी देज द्यायचं ते मुलाकडच्यांनी. तोटी लहानीने आणली, म्हणजे लहानी नवऱ्याची आई. विहीर सगळ्यांची, म्हणजे उरलेला अख्खा पाडा मुलीकडचा. वर्गणीच्या वेळी तोंड लपवणारा दामू छाती काढून पुढे आला.

"देज घेतल्याबिगर आमी पोरगी देणार नाय!"

लहानी काय कमी होती? "देज नाय माझ्याकडं! मग रीत काय सांगते? नवरा घरजावई होतो. ऱ्हाईल तुमच्या दारात नि रोज पाणी भरील. झालं?"

"न्याय झाला," नथूने मान डोलावली. ती मान लहानीने तेव्हाच नीट बघायला हवी होती.

गुणाबाईने लग्नाची गाणी धरली आणि आहेर सुरू झाला. "बुधूकडून शंभर रुपये!" असं कर्ण्यावर ऐकताच दामूने दीडशेची आरोळी ठोकली. टोकावड्याचं नाक खाली जाऊ नये म्हणून नथू ओरडला, "आमच्याकडून एक बोकड!" लहानीच्या अंगात वारंच शिरलं. तिने मंगळूच्या हातातून माइक हिसकावला. "नवऱ्याच्या आयकडून तिन्ही शेळ्या!"

भगीरथने मागून तिचा पदर ओढला. त्या शेळ्या त्याच्याच देजासाठी पाळलेल्या होत्या. पण कर्ण्यावर गेलेला शब्द परत कसा घ्यायचा?

बोकड नि शेळ्या बाजारात गेल्या, वर्गणी भरली, आणि होळीच्या आधी त्याच तोटीतून पाणी आलं. पहिला हंडा दारातच भरला, तेव्हा लहानीला रडू फुटलं. तिचं नाव लहानीच राहिलं.

नथूही शब्दाला पक्का. होळी झाल्याबरोबर आला. "पोरगी दिली! देज?"

लहानी रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहिली.

"नाय? मग न्याय तुमीच केलाय, लहानीबाय. पोरगा ऱ्हाईल आमच्या दारात नि रोज पाणी भरील."

आता भगीरथ रोज सकाळी हंडे घेऊन नथूच्या पाड्यातल्या विहिरीवर जातो. मजेत आहे, असं रुपाली सांगते. इकडे लहानीच्या दारात नळ धो धो वाहतो, आणि तिला एकटीला एक हंडा दिवसभर पुरतो. आत आली की घर खायला उठतं.

पण रडत बसेल ती लहानी कसली? परवा मुरबाडच्या स्टँडवर टोकावड्याच्या एसटीत चढताना दिसली. हातात नवी कोरी पितळी तोटी, मागे कर्णा घेतलेला मंगळू.

"कुठं निघाल्या, लहानीबाय?"

"लग्नाला!" ती ठसक्यात म्हणाली. "तोटी नथूच्या पैशानं घेतलीय. या खेपेला मी नवरीकडची, देज मी मागणार!"