दिसेल असा बदल

रघूत्तमरावांना कॉफी विचारायची चोरी होती. मी ऑफिसात नवीन होते, तेव्हा भाबडेपणानं विचारलं, "सर, कॉफी घेणार?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "प्याल्यानंतर माझ्यांत कोणता बदल दिसावा म्हणून देतांत?" मी पेला हातात धरून तशीच उभी. कॉफी निवत चालली. मग त्यांनाच माझी दया आली. "डोळे उघडावेत, असें म्हणा. तें दिसतें." आणि ती गार कॉफी त्यांनी एका घोटात संपवली.

चेन्नईतल्या ज्या स्वयंसेवी संस्थेत मी अहवाल लिहिते, तिथे ते प्रशिक्षण अधिकारी होते. मूळचे तंजावरकडचे मराठी. घराण्याची इथली कितवी पिढी, हे त्यांनाही धड सांगता येत नसे. मी सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आलेली. त्यांचं बोलणं ऐकताना एखादं जुनं पत्र कुणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटे. माझ्याबद्दल त्यांची तक्रार वेगळी. "तुमी फार घाईंत बोलतांत, नंदिनीबाई. गाडी सुटते की काय?" बायको गेल्यापासून त्यांच्या घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा तमिळ बोले, नात इंग्रजी. त्यामुळे मी दिसले की काम असो-नसो, ते खुर्ची ओढून बसत, आणि माझा अहवाल तिथेच अडे.

प्रकल्पाचं उद्दिष्ट लिहायला त्यांच्यासोबत बसणं ही तर शिक्षाच. मी लिहायची, 'मातांमध्ये जागरूकता वाढवणे.' ते विचारत, "वाढली तें कोठून दिसतें? कानांतून बाहेर येते काय?" 'क्षमता विकास' हा शब्द पाहिला की त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा होई. "कोण काय वेगळें करील, आणि तें मज दारांत उभें राहून पाहतां येईल काय? तेवढेंच लिहा." आता देणगीदारांना खरं तर जागरूकताच हवी असते. ती कधी कुणाला दिसत नाही, म्हणून तर दरवर्षी वाढते. पण हे रावांना कोण सांगणार?

बरं, हे खूळ ऑफिसपुरतं असतं तरी चाललं असतं. वेलचेरीत ते मुलाकडे तळमजल्यावर राहत. पाऊस लागला की तिथे पाणी शिरतंच. त्यांच्या सोसायटीनं एकदा पुराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. पाणी चढू लागलं की आधी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना वर न्यायचं, असं ठरलं. टाळ्या झाल्या, इडली-वडा झाला. पुढे खरोखरच पाणी आलं, तेव्हा अख्खी सोसायटी धावली ती आपापली गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायला. राव खाटेवर पाय वर घेऊन बसून राहिले. नंतर ऑफिसात आले तेव्हा खुशीत होते. "प्रशिक्षण छान झालें. बदल दिसला नाहीं."

"आणि तुमचा मुलगा?" मी विचारलं.

"त्याची गाडी नवी आहे," ते म्हणाले.

एन्नोरच्या कोळीवाड्यांत आमची पाळणाघरं होती. पोरांच्या आया पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जात आणि ती विकून दुपारी परतत. तोवर पोरं आमच्या टीचरकडे. टीचर म्हणजे त्याच वस्तीतल्या बायका, आणि त्यांना शिकवणं हे रावांचं काम. नव्या प्रकल्पात त्यांनी एकच उद्दिष्ट धरलं. आईमागे रडणाऱ्या पोराशी टीचरनं खोटं बोलायचं नाही. 'आई आत्ता येते' म्हणायचं नाही. पोराच्या उंचीला उकिडवं बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं, आई दुपारी येईल, तोवर मी आहे. "पोरास एकदां फसवलें कीं तें दिवसभर दाराकडेच पाहत बसतें," ते म्हणत.

प्रशिक्षण झकास झालं. सेल्वी नावाची टीचर पोर होऊन जमिनीवर गडाबडा लोळली, बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या, आणि शेवटी प्रत्येकीनं बिनचूक उत्तर दिलं. मी असते तर त्याच दिवशी अहवाल लिहून मोकळी झाले असते. रावांचं काम मात्र तिथून सुरू झालं. गाडी आणि बस बदलून ते रोज एन्नोरला जायचे आणि पाळणाघराच्या कोपऱ्यात पोरांच्या चटईवर बसून राहायचे. सुरुवातीला त्यांच्याकडे एक डोळा ठेवून टीचर उकिडव्या बसत. हळूहळू त्यांची सवय झाली आणि राव त्या भिंतीचाच भाग झाले. मग आई टोपली घेऊन वळली आणि पोरानं भोकाड पसरलं की सेल्वी त्याला कडेवर घेऊन म्हणू लागली, "अम्मा इप्पो वंदुडुवांग." आई आत्ता येईल. सगळ्याच म्हणत. अगदी पूर्वीसारखंच म्हणत.

रावांनी लिहून दिलं, बदल शून्य.

मी गयावया केली. "राव, हजेरी पूर्ण होती, तेवढं लिहू या. तेही खरंच आहे."

"सोपें आहे म्हणून तेंच मोजायचें काय?" त्यांना माझंच नवल वाटलं. "शून्य म्हणून कळलें तर आपण शिकवणें बदलूं. त्यासाठींच पाहायचें असतें ना, नंदिनीबाई?"

या वयात माणसानं इतकं भोळं असू नये. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. आढाव्याच्या बैठकीत देणगीदारांच्या बाई संगणकाच्या पडद्यावर होत्या. त्यांनी विचारलं, म्हणजे प्रशिक्षणाचा काहीच परिणाम झाला नाही? राव म्हणाले, अजून नाही. आता पुन्हा कसं शिकवायचं याचा कागद ते बरोबर घेऊनच बसले होते, तो त्यांनी उघडायच्या आत बाईंनी आभार मानले. पुढच्या आठवड्यात पैसे थांबले. प्रशिक्षणाचे थांबले आणि पाळणाघरांचेही. ऑफिसात कुणी रावांना बोललं नाही, आणि कॉफीही विचारेनासं झालं.

एन्नोरला जाऊन टीचरना सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी सोबत गेले. सेल्वी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सार, मी खोटं बोलायची, मग पोर गप्प व्हायचं. तुम्ही खरं लिहिलंत. त्यानं कोण गप्प झालं?" एव्हाना मला तमिळ बऱ्यापैकी कळायला लागलं होतं. त्या दिवशी ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी आम्ही सामान न्यायला गेलो. जवळच्या औष्णिक वीजकेंद्राची राख वाऱ्याबरोबर येऊन दारातल्या कोलमवर बसली होती. रांगोळी मात्र त्या सकाळीही कुणीतरी काढलीच होती. चटया, पाण्याची कळशी, पाळणे बांधायच्या साड्या असं सगळं टेम्पोत चढलं. पोरं हे सगळं मजेत बघत होती. त्यांतली कयल नावाची चारेक वर्षांची मुलगी पायांत आईच्या चपला अडकवून रावांपाशी आली आणि टेम्पोकडे बोट दाखवून म्हणाली, "सार, नाळैक्कु?" म्हणजे, उद्या?

टीचर दुसरीकडे बघू लागल्या. राव टेम्पोच्या फळीला धरून खाली उकिडवे बसले, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसे. गुडघे वाजलेले मला ऐकू आले. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. आता हा माणूस या पोरीला खरं सांगणार, अशी मला धास्ती वाटली.

"उद्याला येऊं हो, बाळे," ते मराठीत म्हणाले. "मी येतों, टीचर येते, चटयाही येतात. सगळींच येऊं. तूं वेणी घालून ये."

कयलला यातलं अक्षर कळलं नाही. पण तो आवाज तिला पुरला असावा. तिनं मान डोलावली आणि त्या मोठ्या चपला फटफट वाजवत ती वाळूत खेळायला पळाली.

रावांना उठता येईना. मी हात दिला. हात न सोडता त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुमांस ऐकूं गेलें काय?"

"नाही," मी म्हणाले.

वेलचेरीपर्यंत ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्याच्याशी सारा वेळ तमिळमध्ये बोलत राहिले.