मध्यम आवडीची गाणी

गेल्या वर्षापर्यंत आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगच्या फाटकात रोज सकाळी पावणेसातला भोईरकाका सायकलवर टांग टाकून, माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. हँडलला बांधलेल्या मुठीएवढ्या स्पीकरवर गाणं लागलेलं असायचं. मी वीस पावलं मागे, पाण्याच्या टाकीजवळ. तिथून मी हाक मारायची, "भोईरकाका." ओरडून नाही, घरातल्या घरात मारतो तेवढ्याच आवाजात. काकांनी मागे न बघता हात वर केला, की स्पीकरचा आवाज बरोबर. हात वर गेला नाही, तर मी टाकीजवळून पुढे येऊन त्यांना तसं सांगायचं, ते आवाज थोडा कमी करणार, आणि मी पुन्हा मागे जाऊन पुन्हा हाक मारणार. वॉचमन नवीन होता तेव्हा त्याने माझ्या बायकोला हळूच विचारलं होतं, "साहब का उनसे झगड़ा है क्या? रोज बुलाते हैं, वो पलटते ही नहीं."

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी सकाळी सायकलने अंबरनाथपर्यंत जाऊन यायचं त्यांनी सोडलं नाही. त्यांची दहाही बोटं जागेवर आहेत, आणि फिटरच्या कामात ही सांगण्यासारखी गोष्ट असते, हे त्यांनीच मला बोटं पसरून दाखवत सांगितलं. "मशीन बिघडायच्या आधी आवाज करते, सावंतसाहेब. रस्त्याचंपण तेच. आधी रस्ता ऐकायचा." हे शेवटचं वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणतात. माझ्या मुलीला बारावीच्या परीक्षेला निघतानासुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं.

तो स्पीकर घ्यायला मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरच्या मार्केटमध्ये गेलो होतो. दुकानदार सिंधी, उत्साही माणूस. त्याने एकेक स्पीकर दणदणीत वाजवून दाखवायला सुरुवात केली. काका प्रत्येकाला नकाराची मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "यापेक्षा कमी आवाजाचा दाखवा." दुकानदार थांबला. "चाचा, पूरे मार्केट में आप पहले कस्टमर हो, जिसको आवाज कम चाहिए." काकांनी खिशातून सायकलची घंटी काढली. घंटी घरून आणली होती. ती काउंटरवर ठेवून वाजवायची, शेजारी स्पीकर लावायचा, आणि ज्याच्या गाण्यात घंटी बुडणार नाही तो घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. अर्धा तास दुकानात घंटी वाजत होती. बाहेर एक बाई थांबून "कुल्फी आहे का?" विचारून गेल्या.

गाण्यांचंही असंच. वाटेल ते गाणं सायकलवर चालत नसे. आवडतं गाणं नाही, कारण त्यात मन गुंततं. नवं गाणं नाही, कारण शब्द पकडायला कान तिकडे जातात. एक गाणं त्यांनी तिसऱ्या दिवशी काढून टाकलं, कारण त्यात मध्येच सायकलची घंटी वाजत होती आणि काका दोनदा मागे वळून बघत नाल्याच्या कडेला गेले होते. या सगळ्यातून जी उरली ती त्यांनी एका छोट्या मेमरी कार्डात भरली आणि कार्डावर पेनाने लिहिलं: "मध्यम". त्यातली गाणी मी ऐकली आहेत. खरोखरच मध्यम आहेत. चौकात, वळणावर, शाळा सुटायच्या वेळी तीही बंद.

मी हाका मारायला कसा लागलो, तेही सांगतो. डॉक्टरांनी साखरेवरून दम दिल्यावर मी सायकल घेतली आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून फिरायला लागलो. काकांनी पहिल्याच दिवशी हटकलं. मी म्हटलं, "काका, आवाज अगदी कमी ठेवतो."

"आवाज कमी असेल. पण कानात बूच आहे ना."

मी हसलो आणि पुढे गेलो. पंधराएक दिवसांनी अंबरनाथच्या रस्त्याला मी पुढे होतो, काका बरेच मागे. एकाएकी उजवीकडून ते माझ्या अंगावरच आले आणि त्यांनी खांद्याने मला रस्त्याच्या खाली ढकललं. दोघेही सायकलींसकट गवतात पडलो. मी रागाने उठायला गेलो, तेवढ्यात एक टेम्पो शेजारून गेला. त्याच्यावर बांधलेल्या लोखंडी पाइपांपैकी एक सुटून बाहेर आला होता आणि प्रत्येक खड्ड्याला झोके घेत होता. तो माझ्या डोक्याच्या उंचीवर होता. ड्रायव्हरला पत्ताही नव्हता.

काकांचं कोपर सोलून निघालं होतं. ते गवत झटकत म्हणाले, "पाइप वाजत होता. लांबूनच कळलं. तुम्हाला सहा हाका मारल्या." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. मग त्यांनी स्पीकर उचलून कानाशी धरला. गाणं चालू होतं. इअरफोन मी तिथेच काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून टाकीजवळ उभा राहू लागलो.

मागच्या दिवाळीनंतर एक दिवस मी हाक मारली आणि हात वर गेला नाही. जाऊन सांगितलं. काकांनी आवाज कमी केला. पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही. आणखी कमी. शेवटी गाणं इतकं बारीक झालं, की शेजारी उभं राहूनही मला शब्द लागत नव्हते, तरी हात खालीच. मग त्यांनी स्पीकर बंद केला. मी हाक मारली आणि हात वर गेला. काका थोडा वेळ तसेच हात वर धरून उभे राहिले.

"आज वारा आहे," ते म्हणाले. एक पान हलत नव्हतं.

चार दिवस वारा राहिला. पाचव्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. इतकी वर्षं मशीनपाशी उभं राहून कान झिजले होते. कानाला लावायचं यंत्र मिळालं. घरात ते चालतं, पण सायकलवर त्यात वारा घुमतो आणि बाकी काही समजत नाही, असं काका म्हणाले. मला वाटलं, आता हा माणूस सायकल सोडणार. दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते फाटकात होते, गाण्याशिवाय.

"दोघांना पुरतील एवढे कान राहिले नाय," ते म्हणाले. "मग रस्त्याला देऊन टाकले."

त्या विषयावर ते बोलले ते एवढंच. स्पीकर मात्र हँडलवरून काढला नाही. रोज चार्ज केलेला असे. सवय असेल म्हणून मी विचारलं नाही.

मग एका शनिवारी ते आमच्या दारात आले. "उद्या विठ्ठलवाडीला जायचंय. तुम्ही मागे राहाल का? काही आलं तर सांगा." काका दर रविवारी कुठेतरी जातात एवढंच मला माहीत होतं. अंबरनाथ ओलांडून, उल्हासनगरच्या कॅम्प म्हणतात त्या वस्त्यांमधून आम्ही गेलो. मी मागून "ट्रक", "रिक्षा", "कुत्रा" असं ओरडत होतो, आणि काका प्रत्येक वेळी हात वर करत होते.

विठ्ठलवाडीत एका चाळीच्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरले. खिशातून दुसरं कार्ड काढून स्पीकरला लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. एक जुनी गवळण सुरू झाली, आणि ती मुळीच मध्यम नव्हती. गिरणीत दळण घेऊन उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. काका सायकल हातात धरून अगदी सावकाश चालू लागले.

"काका, आवाज..." मी म्हटलं.

"आता सायकल चालवत नाय ना. पायी कितीपण चालतो." थोडं पुढे गेल्यावर त्यांनीच सांगितलं. "माझी आक्का राहते इथे. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. आता एकटी असते. गुडघे गेलेत, पण दाराची बेल वाजली की पळत येते. दोन वर्षांपूर्वी तशीच पडली, मनगट मोडलं. फोन केला तर फोनकडे पळते. गाणं ऐकलं की पळत नाय. सावकाश उठते. मी दारात जाईपर्यंत येते."

चाळ समोर दिसत होती. काका थांबले आणि माझ्याकडे कान करून म्हणाले, "कितवं कडवं चाललंय? मला नीट कळत नाय आता."

"दुसरं. संपत आलंय."

"मग थांबा जरा. आधी दुसऱ्या कडव्याला दार उघडायची. आता तिसरं लागतं."

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीशी उभे राहिलो. तिसरं कडवं सुरू झालं तसं मी सांगितलं, आणि काकांनी सायकल पुढे ढकलली. दोन खोल्या राहिल्या असताना समोरचं दार उघडलं. लहानखुरी म्हातारी चौकट धरून उभी होती. तिला दम लागला होता आणि ती हसत होती.

"ये," ती म्हणाली. "आजपण तुझ्या आधी पोचले बघ."

काकांनी स्पीकर बंद केला, सायकल भिंतीला लावली आणि मला म्हणाले, "ही नेहमीच आधी पोचते."