मोगरा हरवली, वाचक सापडले

"रोज! आजपासून रोज एक पोस्ट! मुंबईकरांना सकाळचा चहा नाही मिळाला तरी चालेल, पण निकेतचा ब्लॉग पाहिजे, बघच तू!"

ही गर्जना निकेतने अंगणात, दात घासता घासता केली. ओट्यावर त्याची बायको रुचिका वालाच्या शेंगा निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"आणि रोज लिहिणार काय?"

प्रश्न फारच क्षुद्र होता. निकेतने चूळ भरली आणि विषय संपवला.

निकेतचं तळा गावच्या बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान, घर जवळच्या वाडीत. मुंबईला गेलेल्या वाडीकरांसाठी तो 'वाडीची खबर' नावाचा ब्लॉग लिहायचा, तोही सणासुदीला. वाचक बोटांवर मोजण्याइतके, त्यातलं एक बोट रुचिकाचं, आणि ती फक्त चुका काढायला उघडायची. मग कुठल्याशा व्हिडिओत एका टायवाल्या गृहस्थाने सांगितलं, वाचकाला रोज भेटा, नाहीतर तो तुम्हाला विसरतो. झालं! निकेतच्या अंगात वारं शिरलं.

आधी त्याने देवळाच्या रंगकामावर लिहिलं. मग वालाच्या पिकावर. मग धुक्यावर. मग पुन्हा वालावर. "वाडीत दुसरं काही होतच नाही का रे?" अशी प्रतिक्रिया आली, तीही सख्ख्या मामेभावाची! निकेत विषयाच्या शोधात वाडीभर भटकू लागला. लोक त्याला बघून दारं लोटून घ्यायला लागले.

एवढ्यात काळूरामकाकांची म्हैस हरवली. भातं कापून झाली होती, गुरं मोकाट चरत होती, त्यात ही कुठे गेली कळेना. काळीकुळकुळीत म्हैस, नाव मात्र मोगरा!

"निकेत, माझी मोगरा दिसली का रं?"

निकेतचा चेहरा असा काही उजळला, की काकांना ते जरा खटकलंच.

'मोगरा कुठे आहे?' ही पोस्ट पडली आणि प्रतिक्रियांचा पाऊस सुरू झाला. निकेत हवेत! पण दिवे लागायच्या वेळी मोगरा आपल्या पायांनी, शेपटी उडवत घरी आली. निकेत 'सापडली' असं लिहायला बसला आणि त्याचं बोट अडलं. सापडली म्हणजे गोष्ट संपली. मग उद्या काय, परत वाल?

त्याने लिहिलं, 'शोध चालू आहे.' शोध चालू होता खरा, विषयाचा! दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'नदीकाठी म्हशीचे ठसे दिसले.' मोगरा रोज तिथेच डुंबायची. पुढे लिहिलं, 'डोंगराकडून रेकण्याचा आवाज आला.' काकांचा गोठा डोंगराच्याच बाजूला होता. एक अक्षर खोटं म्हणून लिहिलं नाही पठ्ठ्याने!

मुंबईकरांनी घरी फोन करून खात्री करून घेतली. "काळूकाकांची म्हैस हरवली म्हणे?" "व्हय, हरवली व्हती की!" पुढचं कुणी विचारलंच नाही. पुढचं ब्लॉगवर वाचायचं होतं ना!

सगळ्यात जास्त काळजी हर्षदला. हर्षद हा काळूरामकाकांचा मुलगा, कामोठ्याला राहायचा. "म्हैस विका नि माझ्याकडं चला," असं तो म्हणाला होता. "मोगराला लिफ्टमधनं नेशील काय?" असं काकांनी विचारलं होतं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. आता तो दर तासाला ब्लॉग उघडत होता.

शनिवारी वाडीकरांच्या मुंबई मंडळाचा निरोप आला: 'उद्या सर्वजण शोधायला येत आहोत. गाडी ठरली आहे. साहिल ड्रोन आणतोय.'

निकेतच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं उघडं पडलं, तर वाडीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. सकाळी उठून तो काकांच्या गोठ्यात.

"काका, आज मोगराला मी चरायला नेतो."

"तू? तुज्या बापानं कदी दावं धरलं न्हाय!"

"म्हणूनच शिकतोय!"

निकेतने मोगराला ओढत नेऊन नदीपलीकडे जांभळीला बांधलं. इकडे गाडी आली, शिट्ट्या, दोरखंड घेऊन, टोप्या घालून मंडळ उतरलं. साहिलने ड्रोन उडवला. तो नेमका जांभळीवर जाऊन भुणभुणला. मोगराने आयुष्यात एवढी मोठी माशी पाहिली नव्हती! दावं तोडून ती जी उधळली, ती मंडळाच्या मधून थेट घरी. "सापडली! सापडली!" करत अख्खं मंडळ मागे. मोगरा गोठ्यात शिरली, मागोमाग हर्षद शिरला आणि समोर बाप!

काकांनी हर्षदकडे पाहिलं, मग दारात घाम पुसणाऱ्या निकेतकडे. त्यांना सगळं समजलं असावं.

"चा घ्या समद्यांनी," एवढंच म्हणाले.

चहा आला. हर्षदने घोट घेतला आणि थबकला.

"बाबा, दूध कुणाचं?"

"मोगराचं. सकाळीच काडलं."

निकेतने चपला शोधायला सुरुवात केली.

"पण ती तर हरवली होती ना?"

"हरवली व्हती तरी दूध द्याया रोज येत व्हती," काका म्हणाले. "मायेची हाय ती. तुज्यासारखी न्हाय."

हर्षद खाली बघून हसला, मग त्याचे डोळे भरले. त्याने बापाचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. बाकीचे मात्र निकेतकडे वळले. त्याला हाणायचं ठरत होतं, पण तेवढ्यात रुचिकाने वालाच्या शेंगांची टोपली आणून मधे ठेवली. मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी म्हटल्यावर कोण कुणाला हाणतंय! शेतात मडकं लागलं, भांबुर्डीच्या पाल्याचा वास सुटला, आणि वाडी कितीतरी दिवसांनी भरलेली दिसली.

ठमाबाईआजी हळूच निकेतजवळ सरकली. तिचा नातू कुलदीप पनवेलला, गेल्या शिमग्यापासून फिरकला नव्हता.

"निकेत, माजी शेळी कदी हरवतोस?"

"आज्ये, कोंबडी हरवू की. लपवायला सोपी."

"कोंबडीपायी कोन रजा टाकतंय, मेल्या!"

तेव्हापासून वाडीत आळीपाळीने जनावरं हरवतात. ती गोठ्यातच असतात हे मुंबईला पक्कं ठाऊक असतं, तरी गाडी भरून येते. फक्त निकेतच्या ब्लॉगचे वाचक होते त्याहून कमी झालेत. सगळे वाडीतच येऊन बसतात, वाचणार कोण!