आधी माय दाखवा

वासरू हगवणीनं आडवं झालेलं असलं तरी आमचे वानखडे डॉक्टर आधी गायीची जीभ पाहत. शेतकरी बिचारा ते वासरू खांद्यावर घालून उन्हातून दवाखान्यात आलेला, आणि डॉक्टर त्यालाच विचारणार, "अन् याची माय?" ती घरी आहे म्हटलं की डॉक्टर कपाळाला हात लावत. "लेकरू काय सांगते बावा? आधी माय दाखवा!"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेलूबाजारच्या गुरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर आणि तिथल्याच शाळेत मी मास्तर. आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून. माझ्या धाकटीला खोकला झाला म्हणून सहज त्यांच्या कानावर घातलं, तर हे तडक आमच्या स्वयंपाकघरात शिरले. पातेल्यांची झाकणं उचलून पाहिली आणि मला म्हणाले, "मास्तर, पोरगी ठीक हाय. सगळ्यांच्या मागून वैनी काय जेवते, ते पाहा." त्या दिवसापासून माझी बायको त्यांच्या पार्टीत गेली. स्वतः सडाफटिंग माणूस, पण गावातल्या यच्चयावत आयांची काळजी वाहायचा.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो मात्र कौसाबाईच्या डुकरिणीत. कौसाबाई बाजाराच्या पलीकडे एकटीच राहायची. नवरा गेल्यावर सरकारी योजनेतून तिला एक पांढरी विलायती डुकरीण मिळाली. तिचं नाव तिनं राणी ठेवलं. राणी दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा सगळी पिल्लं पाण्यासारखं हगून आठवड्याच्या आत मेली. तिसऱ्यांदा तसंच झालं तर राणीला विकून टाकायचं आणि पुन्हा लोकांच्या वावरात मजुरीनं तण निंदायला जायचं, एवढंच तिच्या हातात होतं. उतारवयात ते तिला झेपणार नव्हतं.

डॉक्टर हॉटेलात बसून त्या रोगाचा विषाणू सगळ्यांना समजावून सांगत. "कोरोना म्हणतेत त्याले. मोठ्या यंत्रातून पाह्यलं तं भोवती मुकुटावानी दिसते."

"मंग राजाच हाय की तो," हॉटेलवाला कपबशा धूत म्हणाला. "आपल्या राणीसाठीच आला असन!"

डॉक्टर सोडून सगळे हसले.

मग कॉलेजातल्या एका जुन्या मित्राच्या मागे लागून त्यांनी प्रयोगासाठी आलेली लस मिळवली. थर्मासात बर्फ, बर्फात बाटली आणि थर्मास मांडीवर, असे ते अकोल्याहून एसटीनं निघाले. कंडक्टरनं आपलेपणानं कपभर चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, "चहा नोहे, डुकरिणीचं औषध हाय." शेजारचे दोघे उठून मागच्या बाकावर गेले आणि डॉक्टर ऐसपैस पाय पसरून आले.

गाभण राणीला त्यांनी सुई टोचली. "पिल्लाले टोचून फायदा नाही, तेवढा वेळच भेटत नाही," ते कौसाबाईला म्हणाले. "मायले टोचलं का लेकरू वाचते." ते कसं वाचतं, हे सांगायचं मात्र घाईत राहून गेलं.

राणी पहाटे व्याली तेव्हा डॉक्टर दौऱ्यावर होते. संध्याकाळी परतले, बातमी कळली, तसे मला ओढत घेऊन निघाले. जाऊन पाहतो तर राणी खोपटात एकटीच आडवी आणि पिल्लं कौसाबाईच्या चुलीजवळ टोपल्यात. कापसाच्या बोळ्यानं ती त्यांना बकरीचं दूध पाजत होती.

"हे काय करून राह्यली बाई?" डॉक्टर ओरडले.

"तुमीच सुई टोचली ना तिले, साहेब? मंग ते औषध दुधात उतरन का नाही? आमच्यात सुई घेतल्यावर बाईबी लेकराले पाजत नाही."

"अवं, दुधात उतरावं म्हणूनच तं टोचली!"

त्यांनी टोपलं उचललं, इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात बसले आणि एकेक पिल्लू राणीला लावू लागले. तोंड चालूच होतं. "सुईनं मायच्या अंगात रोगाशी लढाची ताकद येते. ते दुधात उतरते. दूध पोटात जात राह्यलं तोवर रोग आतड्याले शिवत नाही. आता एक दिवसबी मायपासून तोडू नको यायले."

पुढं तो रोग खरंच पुन्हा गावात शिरला. शेजारच्या खोपटातली पिल्लं गेली. राणीची दोन दगावली, पण बाकीची दूध पीत राहिली आणि जगली. कौसाबाईला निंदायला जावं लागलं नाही. हे सगळं छानच झालं, पण वानखडे डॉक्टर म्हटलं की मला ती चिखलातली संध्याकाळच आठवते.

पिल्लं सगळी लागली तरी डॉक्टर उठेनात. मी म्हटलं, "चला, झालं काम."

"थांबा ना मास्तर. पाहू द्या." पिल्लांकडे पाहतच ते म्हणाले, "माही माय मले जन्म देऊनच गेली. मीबी बकरीच्या दुधावर वाढलो. तिच्या दुधाचा एक घोट तरी मले भेटला का, हे सांगाले कोणी उरलं नाही."

इतकी वर्षं शेजारी राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

कौसाबाई आत गेली. परत आली ती ताटलीत भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन. डॉक्टरांपुढे उभी राहून म्हणाली, "ऊठ. हात धू अन् खाय. सकाळपासून काही खाल्लं नसन तुनं."

सरकारी डॉक्टर मुकाट्यानं उठले, हात धुऊन आले आणि आमच्याकडे पाठ करून जेवायला बसले. कौसाबाईनं न विचारता आणखी अर्धी भाकर वाढली.