डाव्या चाकातले तुपसौंदर

वडजाई आगारातले ड्रायव्हर दिनकर तुपसौंदर सेवेची काही वर्षं शिल्लक असताना वारले, म्हणून उरलेली सेवा पूर्ण करण्यासाठी त्यांना सोनकडा घाटाच्या गाडीला मागच्या डाव्या चाकात स्टड म्हणून बसवण्यात आलं.

स्टड म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा जाड लोखंडी दांडा. हबमध्ये, म्हणजे आसाच्या टोकावरच्या चकतीत, तो मागून ठोकून बसवतात, पुढून त्यावर चाक चढवतात आणि नट कसतात. मोठ्या आगारांमध्ये हल्ली विकतच्या स्टडवर भागवतात म्हणे. पण विकतचे घाटात टिकत नाहीत, असा वडजाईचा अनुभव होता. घाट चढलेली माणसंच तिथे टिकत.

तुपसौंदरांनी कामाबद्दल तक्रार येऊ दिली नाही. त्यांची बायको रत्नमाला शाळेचे गणवेश शिवायची. कपडे पोचवायची आठवड्याची फेरी झाली की ती आगारात यायची. घाटाची गाडी तेव्हा वर्कशॉपमध्ये तपासणीला उभी असे. फिटर शकील मुजावर तिच्यासाठी चाकाशेजारी एक रिकामा डबा उलटा घालून ठेवायचा. त्यावर बसून ती घरातलं काय काय सांगायची. मुलीला सासरी कसं चाललंय, शेजाऱ्यांनी भिंत कुठवर आणली, असलं सगळं. शकील तेवढ्या वेळात दुसऱ्या गाडीकडे जायचा.

एका दुपारी गाडी घाट उतरताना मागून ठणकन आवाज आला. ड्रायव्हरने ती बैलगाडीच्या वेगाने आगारात आणली. शकीलने चाक उघडलं, तर तुपसौंदरांच्या शेजारचे शेवाळकर हबपाशी तुटले होते. ते पूर्वी ऑफिसात होते. त्यांचे मुलगे आले, दोन्ही तुकडे ताब्यात घेतले आणि म्हणाले की वडिलांची प्रकृती मुळातच नाजूक होती. कोणी कोणाला दोष दिला नाही.

एक स्टड तुटला की त्याच्या दोन्ही बाजूंचे काढायचे, मग ते दिसायला कितीही धड असोत, असा नियम आहे. तुटलेल्याचा भार त्यांच्यावर पडलेला असतो. एका बाजूला गाड्या धुणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या मागे कोणी नव्हतं, त्यामुळे विचारायचं कारण पडलं नाही. दुसऱ्या बाजूला तुपसौंदर होते. स्टोअरच्या कपाटात दोघे जण शिल्लक होते, ते शेवाळकरांच्या आणि त्या गृहस्थांच्या जागी गेले. तुपसौंदरांच्या जागी बसवायला कोणी नव्हतं.

आगारप्रमुख चौगुले स्वतः वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि तडा दिसत नाही म्हणाले. कोणी उपलब्ध होईपर्यंत तुपसौंदरांना राहू द्यावं, असं त्यांचं मत पडलं. शकीलने नटाखालून निघालेला गंजाचा बारीक ओघळ दाखवला. नट कसला तरी थोड्या अंतरात तो पुन्हा फिरतो, म्हणजे स्टड आतून ओढला गेलाय, असं त्याने सांगितलं. ओढला गेलेला स्टड दिसतो चांगला आणि एक दिवस अचानक जातो.

चौगुल्यांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले की सेवा पूर्ण व्हायच्या आधी काढायचं तर घरच्यांची संमती लागते, बाईंना बोलवा.

रत्नमाला आली. चौगुल्यांनी तिला खुर्ची दिली आणि काही लपवलं नाही. एकदा काढलेला माणूस परत बसवता येत नाही. त्यांची सेवा तिथेच संपते. आणि त्यांच्या जागी सध्या कोणी नसल्यामुळे गाडी उभी राहील. घाटावर चार गावं आहेत, त्यांना दुसरी गाडी नाही.

"आणि नाही काढलं तर?" तिने विचारलं.

"तर गाडी उद्या सकाळी सुटेल," चौगुले म्हणाले.

तिने गाडीत बसायचं म्हटलं. शकीलने नट कसला, त्याच्यावर आणि स्टडवर मिळून खडूने एक रेघ ओढली आणि रिकामी गाडी आगारामागच्या सपाट रस्त्यावर काढली. रत्नमाला मागच्या डाव्या चाकावरच्या सीटवर बसली, पदर मुठीत धरून. तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. ती पायांखालच्या पत्र्याकडेच बघत होती. परत आल्यावर दोघं खाली उतरली आणि वाकून पाहू लागली. खडूच्या रेघेचे दोन भाग झाले होते.

शकीलने नट पुन्हा कसून दिला. पाना तिने स्वतःच्या हाताने धरून पाहिला. नट जरा फिरला, मग घट्ट झाल्यासारखा थांबला.

"त्या दिवशीही ते असंच करत होते, शकीलभाऊ," ती म्हणाली. "सकाळपासून छाती दाबत होते. मी विचारलं, तर म्हणाले, काही नाही. गाडी भरलेली होती. ती स्टँडला नीट लावली आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. यांना सांगता येत नाही. काढा त्यांना."

शकीलने चाक उतरवलं, मग ब्रेकचा ड्रम. काढताना स्टडवर समोरून हातोडा मारावा लागतो. त्याने तिला बाहेर थांबायला सांगितलं, पण ती थांबली नाही. तिसऱ्या-चौथ्या घावाला तुपसौंदर मागे निसटले. शकीलने ते जमिनीवर पडू दिले नाहीत, हातात झेलले आणि तिच्या ओंजळीत ठेवले. तिने विचारलं, यांना तेल लावलेलं चालेल का. चाकात असताना आट्यांना तेल लावत नाहीत, कारण तेलावर नट नको तितका कसला जातो आणि स्टड ताणतो.

"आता चालेल, वहिनी," शकील म्हणाला.

घरी पुन्हा माणसं भेटायला आली. मुलगी सासरहून येऊन राहून गेली.

गाडी उभी राहिली. घाटावरची माणसं चौकशीला खाली येऊ लागली. ती शांतपणे यायची, व्यवस्थापनाची अडचण समजून घ्यायची. कँटीनमध्ये त्यांना कळलं की आगाराचे वॉचमन भगवान आव्हाळे सरकारी दवाखान्यात आहेत, पोटाचं दुखणं आहे आणि निवृत्तीला अजून वेळ आहे. तेव्हापासून ती माणसं आव्हाळ्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागली. त्यांना काही पाठवावं का यावर घाटावरच्या एका गावात बैठक झाली. काहींचं म्हणणं पडलं की फळं पाठवणं आपल्याच विरुद्ध जाईल. शेवटी माणुसकी म्हणून केळी पाठवली.

त्याच सुमाराला वरच्या गावातल्या एका बाळंतिणीला झोळीत घालून घाटातून खाली आणावं लागलं. ती वाचली. मूल वाटेतच गेलं होतं. ही बातमी रत्नमालाला गणवेशाची मापं द्यायला आलेल्या एका बाईने सांगितली. सांगताना तिने आवाज चढवला नाही. मापं देऊन ती गेली. रत्नमालाने मशीन झाकून ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आव्हाळ्यांजवळ जाऊन बसू लागली. त्यांची बायको थकली होती. दुपारी कोणी बसलं की तिला जरा पाठ टेकता यायची. आव्हाळे हाडांवर आले होते, पण बोलणं शाबूत होतं. एकदा त्यांनी विचारलं, दिनकर काही बोलायचा का, तिथलं कसं असतं म्हणून.

रत्नमालाने विचार करून सांगितलं, "बोलायचे नाहीत. पण मी हात लावायचे ना, मामा. उतारावर ब्रेक लागून लागून सगळं तापलेलं असायचं. पावसाळ्यात बरं असायचं. आणि एकटं वाटत नसावं, सगळे गोल करून जवळजवळ असतात."

"जागा डावीकडची आहे," आव्हाळे म्हणाले. "डावीकडचे आटे उलटे. माझा जन्म गेला सरळ आट्यांत. मला उलटं जमायचं नाही."

"यांनाही सुरुवातीला जड गेलं."

आव्हाळ्यांनी मान हलवली. औषधाची वेळ झाली होती. ते दिलं नाही तर गाडी लवकर सुटेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाटलीवर हात ठेवून रत्नमाला क्षणभर थांबली. आव्हाळ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, ते छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. मग तिने चमचा भरला, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि औषध पाजलं. ओघळ पदराने पुसला. रोज ती तसंच करत राहिली. घाटावरच्या लोकांना हे कळलं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी तिच्याकडे कपडे शिवायला टाकणं बंद केलं.

आव्हाळे गेले ते पावसाळा संपता संपता. बायकोने संमती दिली, एवढंच म्हणाली की सरळ आट्यांची जागा निघाली तर बघा. चौगुल्यांनी बघतो म्हणून सांगितलं. शकीलने त्यांना हबमध्ये मागून बसवलं, डोकं पूर्ण टेकल्याची खात्री केली, चाक चढवलं. नट त्याने ओळीने न कसता एक या टोकाचा, एक त्याच्या समोरचा, असे फिरत फिरत कसले, म्हणजे चाक सारखं बसतं. गाडी घाटात एक फेरी मारून आली. त्याने पुन्हा पाना लावला. आव्हाळ्यांचा नट किंचित फिरला. नव्या माणसाचा तेवढा फिरतो. दुसऱ्या फेरीनंतर तो फिरला नाही.

गाडी सुरू झाल्यावर वरची माणसं चौगुल्यांचा सत्कार करून गेली. चौगुल्यांनी त्यातून धडा घेतला होता. पुन्हा अशी वेळ येऊ नये, कपाटात नेहमी पुरेशी माणसं शिल्लक असावीत, म्हणून त्यांनी आगारातल्या सर्वांची आरोग्य तपासणी ठरवली. ज्यांची सेवा जास्त उरली आहे, त्यांना आधी बोलावलं. तपासायला शहरातून डॉक्टर आले. ते प्रत्येकाची छाती ऐकायचे, बोटं दाबून बघायचे आणि अभिनंदन केल्यासारखं किंवा दिलासा दिल्यासारखं काहीही न बोलता पुढच्याला बोलवायचे.

शकीलला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. तो घरून पाणीसुद्धा न पिता आला. रांगेत त्याच्या पुढे दोघे ड्रायव्हर होते आणि मागे तिकिटांची खिडकी सांभाळणारी एक मुलगी. तिने त्याला विचारलं की आपल्याला चाक निवडून मागता येतं का.

शकील म्हणाला, पुढची चाकं मागून बघ, तिथे भार कमी असतो. मग त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो शर्टाची बटणं काढत आत गेला.