रेवडीच्या गुळपोळीची मोहीम

शके एकोणीसशें तेहतीस, खरनाम संवत्सरे, पौष वद्यपक्षीं बुधवारीं लखनौ शहरीं जें वर्तमान जाहलें तें यथास्थित लिहितों. वाचणारांनीं हसूं नये. हसल्यास आमचा इलाज नाहीं.

जानकीपुरमीं राजश्री दिनकरराव औषधसंशोधक यांचे कुटुंब अरुणाबाई यांचा महाजालावर पाककृतींचा ब्लॉग, दोनशें बारा पदार्थांचा मुलूख, सहा वर्षें खपून वसविलेला. ते दिवशीं महाजालावरील थोरला इंग्रजी ज्ञानकोश एकाएकीं काळा पडला, आणि महाराष्ट्र मंडळाच्या मेलवर खलिता आला कीं नवा कायदा येतो, हा त्याचाच निषेध; ज्याचा पदार्थ त्याची लेखी परवानगी नसेल तो ब्लॉग जप्त.  बाईंनीं तत्क्षणीं दिनकररावांशीं मसलत केली. त्यांस हाताखालच्यांच्या निबंधांतील संदर्भ तपासण्याची सवय, तेव्हां त्यांणीं खलिता पुरता न वाचितांच फर्माविलें कीं मूळ कर्त्याचा लेखी होकार पाहिजेच.

दोनशें अकरा पदार्थांचे होकार माहेरासासरचे, एसेमेसनें आले. आणि राहिली एक गुळपोळी. सारणांत लखनवी रेवडी कुटून घालण्याची हिकमत मानक नगरच्या सखी विभाबाईंची, आणि अरुणाबाईंनीं ती आपली म्हणोन छापिली, मंडळांत वाहवाही घेतली. तेव्हांपासोन तीन वर्षें उभयतांत बोलणें बंद. आतां मुलूख राखावा तर नाक खालीं, नाक राखावें तर मुलूख जातो!

रथसप्तमी पुढें होती, म्हणोन तिळगुळाचा डबा घेऊन, धुक्यांत टेंपोवाल्या भैयाशीं हुज्जत घालीत बाईंची स्वारी मानक नगरीं दाखल जाहली. विभाबाई पोळ्याच लाटीत होत्या. त्यांणीं पाट सरकविला आणि लाटणें चालूंच ठेविलें.

“विभा, पोळी तुझी होती. मी माझी म्हणून लिहिली. चुकलंच माझं,” अरुणाबाई म्हणाल्या, आणि मग कायद्याची हकिकत सांगोन कागद पुढें केला.

विभाबाईंनीं तुपाच्या हातानेंच सही केली, मग म्हणाल्या, “अगं, तो कायदा अमेरिकेचा आहे. अजून पासही नाही झाला. माझ्या लेकानं, यशनं, सकाळीच सांगितलं.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“तीन वर्षं हे ऐकायची वाट बघत होते, यार. मध्येच कशी अडवू?”

अरुणाबाईंस रडूं आलें, हसूंही आलें. आणि दोघींनीं चार पोळ्या फस्त केल्या.

तह ठरला कीं पदार्थावर नांव विभाबाईंचें घालावें, तें त्याच सांजेस घातलें. कायदा सातासमुद्रांपार लटकत राहिला. मानक नगरीं मात्र त्याचा अंमल पुरता बसला. मोहीम फत्ते जाहली. दाखल्यास तो कागद अरुणाबाईंचे कपाटीं आहे, सहीवर तुपाचा डाग आहे.