छावणीला दिलेलं आवतण

उत्तरेश्वररावांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: चाकाची, गादीची, मागे रेलता येणारी खुर्ची. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात जन्मभर कारकुनी करताना त्यांनी असल्या खुर्चीतल्या संचालकांपुढे फायली धरल्या होत्या, चहा धरला होता, आणि एकदा तर छत्रीसुद्धा धरली होती (पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, साहेब हॉलमध्येच बसले होते). रिटायर होऊन ते धारूरच्या घाटाखालच्या आपल्या गावी परतले आणि दुसऱ्याच महिन्यात सेवा सोसायटीच्या निवडणुकीत संचालकपदासाठी उभे राहिले.

"पर तुमाला हितं वळखतं कोण?" त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, विचारलं.

प्रश्न रास्त होता. नोकरीत असताना राव गावात यायचे ते दिवाळीला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. हात धुतला की लगेच एसटी. शेत, म्हशी आणि भाऊबंदकी विमलबाईंनीच एकटीनं ओढली. गावातली निम्मी माणसं रावांना अजून 'पावनं' म्हणत.

"वळख करून घ्यायची आसती," राव म्हणाले आणि नवा पांढरा सदरा घालून मतदार शोधायला निघाले.

त्या साली पावसानं दडी मारली होती. गावातल्या विहिरींना तेवढं थोडं पाणी होतं, म्हणून सरकारनं जनावरांची छावणी याच गावाच्या माळावर लावली होती. पोळा उद्यावर आला तरी छावणी उठायचं नाव नव्हतं. राव गावभर फिरले; अर्ध्या घरांना कुलूप, उरलेल्या घरांतली माणसं रानात. पारावर एकटा बंकट बसला होता. तो समोरच्या पॅनलचा उमेदवार.

"मानसं कुठं गेली रं समदी?" रावांनी विचारलं.

"मानसं? छावणीत लई हायती की," बंकट म्हणाला आणि तंबाखू मळू लागला. (तो खोटं बोलला नव्हता, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं.)

छावणीत खांदेमळणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्याच्या कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे म्हणायचं मालकानं, कारण दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊ घालायची ती त्यानंच. ही एवढीशी बाब इतक्या वर्षांच्या कारकुनीत रावांच्या डोक्यातून पार निघून गेली होती.

शहादेव आबा नावाचे एक म्हातारे लचकलेला हात गळ्यात बांधून आपल्या पाखऱ्या बैलाजवळ हताश उभे होते. राव पुढे झाले, अस्तन्या वर केल्या, पाखऱ्याचे खांदे चोळले आणि शेजारच्या दावणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या कानात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

आबांचे डोळे भरून आले. "खरंच म्हनताव का पावनं?"

"म्हंजे काय! शब्द दिला म्हंजे दिला."

"अरं सटवा, ऐकलं का? ह्यांनी आवतण दिलं पाखऱ्याला!"

सटवा धावत आला आणि रावांना हाताला धरून आपल्या बैलांकडे घेऊन गेला. मग तिसरा आला, चौथा आला. रावांना चेव चढला. जेवढे खांदे तेवढी मतं, असा त्यांनी हिशेब केला आणि छावणीतला एकही कान सोडला नाही. एका गाईच्या कानातही चुकून आवतण गेलं.

राव पिवळेधमक होऊन घरी पोचले, तेवढ्यात छावणीचा कर्णा बोलू लागला: "उद्या समद्या बैलांचं जेवण उत्तरेश्वररावांच्या दारात हाय! समद्यांनी बैलं घेऊन यावं!"

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते हळूच स्वयंपाकघरात डोकावले. विमलबाईंनी रावांकडे एकदा बघितलं, भिजत घातलेल्या डाळीत आणखी चार पायल्या डाळ ओतली आणि शेजारच्या जानकीबाईला हाक मारली. बायको ओरडली असती तर रावांना बरं वाटलं असतं. ही शांतता पाहून ते जेवायचेही विसरले.

सकाळी बैल आले. अंघोळीपुरतं पाणी नव्हतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसलेले. पण शिंगं रंगवलेली, कपाळाला गोंडे, पाठीवर कुणाची झूल तर कुणाची चक्क सोलापुरी चादर. रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत गेली. विमलबाई आणि जानकीबाई एकेका बैलाला ओवाळत होत्या, पाया पडत होत्या, "महादेवाचं वाहन दारात आलंय, उपाशी कसं जाईल," म्हणत घास भरवत होत्या. राव पोळ्यांच्या पाट्या वाहत होते. एका बैलानं दाराचं तोरण खाल्लं. दुसऱ्यानं रावांच्या खिशातली 'आपला माणूस' लिहिलेली पत्रकं चघळली आणि ती मात्र थुंकून टाकली. पाखऱ्या त्यांच्या पायावर उभा राहिला आणि पोळी संपेपर्यंत हलला नाही.

तरी राव प्रत्येक मालकाच्या पाठीवर हात ठेवत होते. "ध्यानात असू द्या बरं का."

"जल्मात इसरनार न्हाई!" मालक म्हणत.

पारावर बंकट आणि गावातली मंडळी मजा बघत बसली होती. त्यांना कुणी आवतण दिलं नव्हतं.

शेवटचा बैल तृप्त होऊन निघाला तेव्हा रावांनी शहादेव आबांपुढे हात जोडले. "आबा, मग चार दिवसांनी मतदानाला या समदे."

"मतदान?" आबा गोंधळले. "आमचं मत हितं कुठलं, राव? आमी घाटावरले. छावणीतली समदी बैलं घाटावरलीच हायती. तुमच्या गावच्यांची घरीच बांधल्यात, न्हाईतर ट्रॅक्टर आल्यावर इकल्यात."

रावांनी हातातली पाटी खाली ठेवली. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. "तुला ठाव होतं?"

"व्हय की. कोनाचा बैल कोनाचा, मला न्हाई कळनार?"

"मग बोलली कावून न्हाईस?"

विमलबाईंनी पदराला हात पुसले. "मला वाटलं, लगीन झाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी बिनमतलबाचं करताव. कशाला आडवं यावं? लई बरं वाटलं बगा मला काल."

रावांनी उरलेल्या पाट्या गुपचूप उचलून आत नेल्या.

निवडणुकीत बंकट निवडून आला. रावांना पडलेली मतं एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा शिल्लक राहिला. निकालाच्या संध्याकाळी शहादेव आबा मुद्दाम सांत्वनाला आले, ओसरीवर टेकले, चहा घेतला.

"वाईट वाटून घेऊ नगा, राव. आमची समदी छावणी तुमचं नाव काढती. तुमी आमच्या गावात असता ना, तर बिनविरोध आला असता!"

रावांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. ते काही बोलणार, तेवढ्यात आतून विमलबाईंचा आवाज आला.

"मंग न्या की घेऊन, आबा. फकस्त एकदा नेल्यावर परत आनून सोडायचं न्हाई!"